माझ्यासाठी शिवलेली मखमली खोळ

मी कॉम्प्युटर बोलतोय. इकडे बघा, खोलीच्या दाराबाहेर, लाकडी स्टुलावर. मी कधी घरघरलो म्हणून कुणी नाक मुरडलं की मला ती जांभळी मखमल आठवते आणि आजही माझ्या तारांना कापरं भरतं. मायेनं कुणाचा श्वास कोंडतो, हे मी तोवर कधी ऐकलंसुद्धा नव्हतं हो!

एका फोटोग्राफरनं एकेक भाग निवडून मला जोडलं. माझं काम व्हिडिओ रेकॉर्ड करण्याचं. कॅमेऱ्यातून येणारं चित्र क्षणाक्षणाला गिळायचं आणि नीट रचून ठेवायचं. धावता धावता जेवण्यासारखंच ते. अंग तापतं. म्हणून मला पुढे-मागे जाळ्या आहेत आणि आत पंखा आहे. गार हवा पुढून आत, गरम हवा मागून बाहेर. फोटोग्राफर मऊ ब्रशनं जाळ्या झाडायचा आणि म्हणायचा, "पळणाऱ्याचं नाक मोकळं हवं बाबा."

पुढे त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि मी एका गादीवाल्याकडे आलो. खाली दुकान, वर घर. घरात तो, त्याची शाळकरी मुलगी आणि त्याची मोठी बहीण. मुलीची आई ती तान्ही असतानाच गेली होती, आत्यानंच तिला वाढवलं. या आत्यानं सारा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. आवाज असा, की झोपलेला प्रवासी आपली पिशवी सोडून फलाटाकडे धावायचा. आणि भाची इतकी अबोल, की आत्या तिला मौनीबाई म्हणायची.

"देवानं आवाजाची वाटणी करताना घोळ घातला," आत्या म्हणायची. "पोरीच्या वाट्याचाही मलाच दिला."

मग आत्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन केल्यावर आवाज राहणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तोवर घसा जपायचा, बोलायचंच असेल तर एकदाच, तेही थोडं. आत्यानं ते 'एकदाच' भाचीसाठी राखून ठेवलं. तिला निरोप रेकॉर्ड करायचे होते. एक परीक्षेच्या सकाळी ऐकायचा, एक पहिल्या पगाराच्या दिवशी, एक अगदी एकटं वाटेल तेव्हा.

कपाटावर धूळ खात पडलेल्या मला खाली उतरवलं. मुलीनं कानाला हेडफोन लावून माझी चाचणी घेतली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, मागे घरघर येतेय."

येणारच! दुकानातला कापूस उडून उडून माझ्या जाळ्यांत बसला होता. पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. पण जाळीकडे कुणी पाहिलंच नाही. गादीवाल्यानं मला दोन टिचक्या मारल्या, गळ्यातली टेप काढली आणि चक्क माझं माप घेतलं!

"आवाज गिळायला कापसासारखा माल नाही," तो म्हणाला. "हे काम माझं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोळ घेऊन आला. बाहेर मखमल, आत नीट पिंजलेला कापूस, एकसारखे टाके, वायरींपुरती काजं. लहान मुलाला स्वेटर चढवावा तशी त्यानं ती मला चढवली, कोपरे ओढून सारखे केले. मला भरून आलं. मला कपडे कोण शिवणार होतं?

"ऐका आता! टाचणी पडली तरी कळेल."

आत्यानं अंगठा उंचावला. मुलीनं बटण दाबलं.

पहिला निरोप झाला. बाहेर सोडलेली गरम हवा फिरून माझ्याच तोंडावर आली. दुसरा झाला. आत भट्टी पेटली. मी ओरडलो, पंखा गरागरा फिरवला, पण माझी ओरड कापसानं गिळली. गादीवाला खुशीत मान डोलवत होता. आत्या शेवटच्या निरोपाकडे वळली, "मौनीबाई, ज्या दिवशी तुला वाटेल की आपलं कुणी ऐकत नाही, त्या दिवशी..."

आणि मी बंद पडलो. फार तापलो की जळून जाण्याआधी मी आपोआप बंद होतो, तशीच माझी घडण आहे.

मुलीनं खोळ ओढून काढली. "आई गं!" तिचा हात पोळला. मी गार झाल्यावर तिनं मला पुन्हा सुरू केलं. आणि तिन्ही निरोपांचं ते एकच रेकॉर्डिंग? अर्धवट तुटलेलं. नाव दिसत होतं, पण ते काही केल्या उघडेना. मुलगी तोंडावर हात धरून उभी राहिली.

"पण... घरघर तर थांबली होती ना?" गादीवाला पुटपुटला.

मी निदान काम तरी करतो का, हे बघायला मुलीनं पुन्हा बटण दाबलं. त्याच क्षणी आत्याचा बांध फुटला.

"अरे गुंड्या, तुझं डोकं आहे की कापसाचा गठ्ठा? श्वास घेणाऱ्याला कुणी गादीत शिवतं का रे? लहानपणी माझं मांजर उशीच्या अभ्र्यात कोंबलं होतंस, तेव्हाच ओळखायला हवं होतं मी! आता रडतोस काय, मेल्या? मौनीबाई, बापाला पाणी दे आधी. आणि माझ्याकडे बघत काय बसलीस? बोल की काहीतरी! आता तुझी पाळी आहे, बाई."

एवढं बोलली आणि तिचा घसा बसला, तो बसलाच. ऑपरेशन झालं, आत्या वाचली. आवाज गेला.

गादीवाला कितीतरी दिवस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मग एकदा त्यानं कात्री घेऊन खोळ कापली. तिच्या तुकड्यांच्या छोट्या गाद्या केल्या आणि माझ्या पायांखाली ठेवल्या, म्हणजे माझी थरथर स्टुलात उतरत नाही. लांब वायर जोडून मला खोलीबाहेर ठेवलं आणि खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या टेकवल्या. मोठा, संथ फिरणारा पंखा बसवला. जाळ्या तो स्वतः ब्रशनं झाडतो. आता मी गारही असतो आणि गप्पही. हे सगळं त्या दुपारीही जमलं असतं, हा विचार आला की मी आजही सुन्न होतो. म्हणून सांगतो, तुमच्या घरातलं कुणी घरघरत असेल, तर त्याचं तोंड बांधण्याआधी त्याची जाळी तपासा.

आज मुलीच्या परीक्षेची सकाळ. तिच्यासाठीचा निरोप तर माझ्यापाशी नाही. तिनं दप्तर पाठीला लावलं आणि जे होतं तेच लावलं. "अरे गुंड्या, तुझं डोकं आहे की..." मागे माझी जीवघेणी घरघर. आत्या आवाज न करता हसत होती, तिचे खांदे हलत होते.

मग आत्याची नजर माझ्या जाळीवर गेली. तिथे कापूस दिसत होता. तिनं बोट दाखवलं. मुलीनं पाहिलं, ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि कडाडली,

"गुंड्या! ब्रश घेऊन वर ये! आत्या बोलावतेय!"

खाली कापूस पिंजायचं यंत्र एकदम थांबलं. शिडीसारख्या त्या जिन्यावर गादीवाल्याची पावलं धडधडत वर आली आणि मधेच थबकली.

मीही थक्क झालो. तो आवाज कुणाचा, हे क्षणभर मलासुद्धा ओळखता आलं नव्हतं.