मामांनी टिकाऊ म्हटलेला लॅपटॉप

प्रत्येक गोतावळ्यात खरेदीचा एक माणूस असतो. त्याला 'त्यातलं कळतं' अशी आवई कुणीतरी कधीतरी उठवून दिलेली असते आणि मग जन्मभर त्याची सुटका नसते. साताऱ्याच्या सुमंतमामांवर ही वेळ एका टेबलफॅनमुळे आली. धाकट्या बहिणीच्या, सुहासिनीच्या लग्नात त्यांनी तो घेऊन दिला आणि वाईला तिच्या घरी तो पंचवीस वर्षांनंतरही इमानानं मान हलवत होता. तेव्हापासून वडूजच्या साडूंची पाण्याची मोटर, चुलतभावाची मोपेड, पुतणीच्या लग्नातलं लोखंडी कपाट, काहीही घ्यायचं झालं की "आधी सुमंतला विचारा" हे ठरलेलं. वस्तू चांगली निघाली तर घेणाऱ्याचं नशीब. बिघडली तर "मामांनी घेतली होती". सुदैवानं आजवर फारसं बिघडलं नव्हतं, आणि तेच मामांचं दुर्दैव होतं.

कारण खरी गोष्ट अशी की सुमंतमामांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. जिल्हा परिषदेत साऱ्या जन्माची कारकुनी केल्यामुळे त्यांना कळायची ती माणसं. दुकानात गेले की ते वस्तूकडे बघतच नसत, विकणाऱ्याकडे बघत. कुठल्या वस्तूबद्दल तो उगाच शपथा खातो, कुठल्या वस्तूपाशी चहा मागवतो, कुठली वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला कचरतो, एवढ्यावर त्यांचा निकाल ठरायचा. लोकांना वाटायचं, मामा गप्प उभे आहेत म्हणजे मोटर मनातल्या मनात उघडून बघतायत.

आता गुडघे बोलायला लागले होते. रविवारी दुपारी आडवं व्हावं आणि कुणी हाक मारू नये, एवढीच हाव उरली होती. अशात अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत वाईहून मेहुणे हरिभाऊंचा फोन आला. "सुमंतराव, मयूरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. सांगलीत दुकान बघून ठेवलंय. तुम्ही नुसतं हो म्हणायचं."

"नुसतं हो म्हणायला सांगलीला कशाला न्यायचं? इथूनच म्हणतो."

"छे छे, तुमची नजर पडल्याशिवाय नाही."

भाची मयूरी सांगलीला इंजिनिअरिंगला होती. आता दुसरं वर्ष. बापलेक वाईहून आले, मामा साताऱ्याला चढले. हरिभाऊंना पुढची खिडकी मिळाली आणि ते लगेच घोरू लागले. कराडला गाडी थांबली तेव्हा मागच्या बाकावर मयूरीनं मामांच्या बाहीला हात लावला.

"मामा, एक सांगू?"

"सांग. नाही म्हणायची ताकद आता उरलेली नाही."

"बाबांना मोठा कॉम्प्युटर घ्यायचाय. वाईत ठेवायला."

"बरंय की. ठळक दिसेल."

"दिसेल कुणाला? मी सांगलीत आणि तो वाईत! दर शनिवारी घरी यायचं, रविवारी प्रोग्राम करायचे, सोमवारी पहाटेची गाडी धरायची. अजून तीन वर्षं."

"आणि कॉलेजात असतात ते?"

"एकाला तिघं बसतो. संध्याकाळी लॅब रिकामी असते, पण ती मुलांना. आमच्या होस्टेलचं दार सातला बंद. ती बसून शिकतात, आणि मी सातला आमटीभात खाऊन खोलीत बसते." तिनं तिकिटाची घडी घालून घालून पार तांदळाएवढी केली होती. "मला खोलीत ठेवता येईल असा हवाय. त्याच दुकानात एक जुना लॅपटॉप आलाय, मी बघितलाय. किंमत जवळजवळ तेवढीच. बाबा म्हणतात, टिकाऊ असेल तर घेऊ. आणि टिकाऊ कशाला म्हणायचं, ते तुम्ही ठरवणार."

मामांनी डोळे मिटून घेतले. आजवर त्यांनी माणसं बघून वस्तू ठरवली होती. आताही माणूस बघूनच वस्तू ठरवायची पाळी होती, पण हा माणूस विकणारा नव्हता.

दुकान गणपती पेठेत, अर्थात जिना चढून. मालक दादासो आधी शेतीपंप विकायचे, दोन वर्षांपासून कॉम्प्युटर. बोलणं पंपाचंच राहिलं होतं.

"या पाव्हणं, पंख्याखाली बसा. ह्यो बगा, नवा कोरा. हितंच जोडलाय. वर्साची गॅरंटी. बंद पडला तर माणूस वाईला धाडतो, माझं भाडं." बोलताना त्यांनी टेबलावरच्या मोठ्या पडद्याच्या टाळक्यावर दोन चापट्या मारल्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. मामांनी मनात नोंद केली. चापट मारतोय, म्हणजे भरवसा आहे.

हरिभाऊंनी तो पडदा उचलून बघितला आणि तोंड लाल होईपर्यंत धरून ठेवला. "सुमंतराव, वजन बघा! जड वस्तू टिकते."

"जातंसुद्धा टिकतं, हरिभाऊ."

"आणि तो?" मयूरीनं कपाटातल्या काळ्या चपट्या पेटीकडे बोट केलं.

"त्यो व्हय? कुपवाडच्या एका कारखानदाराचा हाय. त्यानं नवीन घेतला. लाइट गेली तरी चालतोय, बॅटरी हाय." दादासोंनी लॅपटॉप आणला, आणि त्याचं झाकण उघडताना एक हात मागे, एक पुढे, असा आधार दिला. तान्ह्या पोराची मान धरावी तसा. हरिभाऊंनी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी दावतो की."

मामांना दुसरं काही बघायची गरजच उरली नाही.

मयूरी मशीनपुढे बसली. तिची बोटं चालू लागली तशी तिचा चेहराच बदलला. बसमध्ये कुरकुरणारी पोर ही नव्हेच. हरिभाऊ पाणी प्यायला गॅलरीत गेले. तेवढ्यात मामा दादासोंच्या कानाशी वाकले.

"मानेत काय आहे?"

"कुनाच्या?"

"या पेटीच्या. दोन्ही हातांनी जपताय ती."

दादासोंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "आवं पाव्हणं, तुमी काय विकता?"

"मी विकत घेतो. दुसऱ्यांसाठी."

"बिजागरी चिरलीया," दादासो हळूच म्हणाले. "पार्ट मिळत न्हाई. संक्रात काढंल, फुडचं काय सांगत न्हाई. पर आतलं मशीन चांगलं हाय, त्यात खोट न्हाई."

"मग ती चीर किमतीतून वजा करा. आणि माझ्या मेहुण्यापुढे तिचं नाव काढू नका."

"म्हंजे घेनार तुमी?"

एवढ्यात हरिभाऊ तोंड पुसत आत आले. "हं, सुमंतराव. बोला. तुमचा शब्द."

शब्द. पंचवीस वर्षं मामा त्याला कंटाळले होते, पण आता तो खर्चायची वेळ आली तेव्हा हात आखडला. संक्रांतीनंतर काय काय ऐकावं लागेल, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. कुणाच्या आवाजात, तेसुद्धा. मयूरीनं मान वर केली नाही. तिची बोटं मात्र थांबली होती.

"घ्यायचा तर हा," मामा म्हणाले.

"टिकेल?"

"टिकेल."

हरिभाऊंनी दुसरं काही विचारलं नाही. तेच मामांना जास्त लागलं.

सुहासिनीनं जुन्या पलंगपोसाची खोळ शिवून दिली. लॅपटॉप होस्टेलवर गेला. दिवाळीला मयूरी आली ती दोनच दिवस. आणि संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात त्यानं मान टाकली. झाकण मागे गेलं ते गेलंच. हरिभाऊ स्वतः साताऱ्याला आले, चहा घेतला, दुखवट्याला आल्यासारखे बसले आणि म्हणाले, "चालायचंच. वय झालं की माणसाची नजर जाते."

बातमी वाईहून वडूजला पोचायला वेळ लागला नाही. साडूंना घरघंटी घ्यायची होती, त्यांचा निरोप आला, "तुम्हाला कशाला त्रास!" पुतणीनं वॉशिंग मशीन घेतल्याचं मामांना तिसऱ्याकडून कळलं. बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं? झोपा आता." मामा रविवारी दुपारी आडवे झाले. कुणी हाक मारली नाही. झोपही आली नाही.

मे महिन्यात वाईला गेले तर सुहासिनीच्या स्वयंपाकघरात नवा फ्रिज. हरिभाऊंनी एकट्यानं जाऊन आणलेला. चांगला जडजूड. त्याच्या दाराला बाहेरून लाकडी स्टूल टेकवून ठेवलेलं होतं. त्याविषयी कुणी बोलत नव्हतं, मामाही बोलले नाहीत. फक्त पाणी मागितलं. सुहासिनीला ते द्यायला आधी स्टूल बाजूला करावं लागलं.

माजघरात मयूरी लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्याच्या पाठीशी लाडवांचा स्टीलचा डबा लावलेला.

"अगं, हा चालतो अजून?"

"चालतो म्हणजे? होस्टेलवर रात्री रांग लागते त्याला. डबा मात्र भरलेला लागतो, रिकामा सरकतो. आई दर महिन्याला लाडू पाठवते." मग आवाज उतरवून म्हणाली, "मामा, तुम्हाला बिजागरीचं माहीत होतं ना? दादासो बोलले मला."

"मग बाबांपुढे बोलू नकोस. आणि लाडू एकटीच खाऊ नकोस."

ती संध्याकाळच्याच गाडीनं सांगलीला निघाली. सोमवारी कसलंसं सबमिशन होतं. खोळ छातीशी धरून ती वळणावर दिसेनाशी झाली तरी हरिभाऊ दारातच उभे होते.

"पोरगी घरी राहीनाच," ते म्हणाले. "मान मोडून पडलाय, तरी चालतोय. वस्तू टिकाऊच, सुमंतराव. उगाच बोललो मी." घसा खाकरून झाला. "ते फ्रिजचं... उद्या बदलून घ्यायला जायचंय. दुकानदार दाद देत नाही. येता का?"

मामा दमून गेले होते. इतके, की खरं बोलायलाही हरकत वाटेना.

"हरिभाऊ, मला त्यातलं काहीच कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

हरिभाऊ मनापासून हसले. "हेच. ज्याला कळतं तो असंच म्हणतो." आणि आत वळून ओरडले, "सुहास, दादा थांबतायत गं उद्या!"

मामांनी गुडघा दाबला. "दुकान कितव्या मजल्यावर आहे?"