बिनटोकाच्या गळाचं रीळ

मी रीळ बोलतोय. शिंप्याच्या मशीनवर असतं ते दोऱ्याचं रीळ नव्हे, आणि जुन्या सिनेमाचंही नव्हे. गळाच्या काठीला बुडाशी जोडतात ते मासे धरायचं रीळ मी. त्यातही माशीच्या गळाचं. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात, ती पाण्यावर अलगद टाकतात, आणि मासा तिला खरी समजून तोंड लावतो. तिची लांब दोरी पोटात गुंडाळून ठेवायची आणि मागितली की सोडायची, एवढंच माझं काम. आख्ख्या अहिल्यानगरात माझ्यासारखं दुसरं कुणी नसेल, याचा मला पूर्वी फार तोरा होता. आता मी सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये, कपाटात, एका जुन्या साडीत गुंडाळलेला पडून आहे.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या गोल ठोकळ्यातून मला लेथवर कोरून काढलं, अंगाला भोकं पाडून हलकं केलं, वरून काळा मुलामा दिला. मग डबा, मग अंधार. झाकण उघडलं ते थेट नागापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. कुरिअर घरी न मागवता माझे मालक सुहासराव यांनी ते कामावर मागवलं होतं. घरी माझं स्वागत होणार नाही, हे त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

सुहासराव तिथे तपासणीला होते. आलेला प्रत्येक भाग मोजायचा, केसभर चुकला तरी बाजूला काढायचा. मलाही त्यांनी सोडलं नाही. टेबलावर घेतलं, व्हर्नियर लावून मापं घेतली, डोळ्यांशी धरून फिरवलं. मग शेजारच्याला म्हणाले, "बघ, जरा म्हणून डगडगत नाही." माझं आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि मास्तरकी. मासा घरात शिजणं सोडाच, त्याचा वाससुद्धा कुणाला माहीत नव्हता. पण एकदा डब्याच्या सुट्टीत मोबाईलवर त्यांना एक माणूस दिसला. नदीत उभा राहून तो हवेत दोरीचे मोठे वळसे काढत होता. सुहासरावांना त्यातला मासा दिसलाच नाही, दिसली ती दोरी. शिवाय यात गांडूळ लागत नाही, नुसती पिसं. धरलेला मासा परत सोडून देतात. म्हणजे हे आपल्यात बसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मग सुरू झाली खरेदी. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांना फोनवर नीट सांगितलं होतं, "साहेब, नवीन आहात ना? आधी दोरी चांगली घ्या, मग काठी, रीळ सगळ्यात शेवटी. काठी पाच नंबरची, तर दोरीही पाचचीच. रीळ म्हणजे काय हो, दोरी ठेवायची डबी." हे ऐकून मला अपमान वाटला. सुहासरावांनाही पटलं नाही. जन्मभर लेथवरचं काम पाहिलेला माणूस. त्यांनी बरोबर उलटं केलं. सगळ्यात भारी मला घेतलं, काठी मध्यम, आणि दोरी सवलतीत मिळाली म्हणून तीन नंबरची, म्हणजे वजनाला हलकी.

दुकानदार खरं बोलत होता. माशीला वजन नसतं. फेकायची असते ती दोरी, आणि तिच्या वजनाने काठी वाकली तरच ती पुढे जाते. गच्चीवर पहिल्यांदा फेकली तेव्हा ती तीन नंबरची दोरी सुहासरावांच्या पायाशी शेवयांसारखी गोळा झाली. मला त्यांनी उजव्या हाताने फिरवायचं म्हणून बसवलं होतं, आणि फेकायचंही उजव्यानेच. मग काठी या हातातून त्या हातात, असा दर खेपेला गोंधळ. शेवटी गुपचूप पाच नंबरची दोरी आली. माझं पोट उघडून आतली पट्टी उलटी बसवली गेली आणि मी डावरा झालो. एव्हाना मलाही कळलं होतं की मी डबीच आहे.

पण खरी चूक वेगळीच झाली. सरावाला दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधायचा असतो. यांनी खरी माशी बांधली, गळासकट. मागे काठी नेली आणि दोरी अडकली. सुहासरावांचा पहिला मासा म्हणजे गच्चीवर वाळत घातलेली, मोरपंखी रंगाची इरकल साडी. त्यांनी ओढलं, आणि ती फाटली.

साडी अंबिकाबाईंची, म्हणजे सुहासरावांच्या पत्नीची. त्या शाळेत गणित शिकवतात. वर येऊन त्यांनी साडीच्या भोकातून बोट घातलं आणि ते सुहासरावांपुढे धरलं.

"साडीला एवढं भोक पडलं," त्या म्हणाल्या. "माशाच्या ओठाला केवढं पडत असेल?"

"अगं, मी सोडून देणार आहे त्याला. खाणार थोडाच आहे?"

"खात असता तर मी समजू शकले असते. खायचं नाही तर टोचायचं कशाला?"

सुहासराव दोरी गोळा करायला लागले. अंबिकाबाईंनी साडी खांद्यावर टाकली आणि जाता जाता सांगून गेल्या, "ते घरात आणू नका. चपलांच्या कपाटात राहू द्या."

तेव्हापासून मी दाराबाहेर, बुटांच्या पॉलिशशेजारी राहायला लागलो. आतून फोडणीचा वास यायचा, दोघांची बोलणी ऐकू यायची, त्यांची मुलगी मनवा पुण्याहून आली की हसणं ऐकू यायचं. मला त्या बाईंचा राग यायचा. एकदा तरी उंबरा ओलांडावा, एवढीच माझी हाव होती.

दर रविवारी उजाडता उजाडता सुहासराव स्कूटर काढायचे आणि राहुरीजवळच्या मुळा धरणाच्या पाण्यावर जायचे. तिथे पुंजाराम असायचा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायची, निघेल ते राहुरीच्या बाजारात द्यायचं, हा त्याचा धंदा. सुहासरावांनी पहिली चिलापी मासळी धरली तेव्हा तो तराफा थांबवून बघत होता. त्यांनी ती ओंजळीत धरली, गळ काढला आणि मासा सोडून दिला. ओठातून रक्ताचा एक थेंब आला होता.

"सायेब, सोडली व्हय?"

"सोडली."

"खायाचं न्हाई तर धरता कशापायी?"

सुहासराव दगडावर बसले. घरी तोच प्रश्न, धरणावरही तोच. त्या दिवशी त्यांनी पुन्हा दोरी टाकली नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून आणला. तरी टोक टोचतच होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ते वर्कशॉपमधलं कटर घेऊन आले. दगडावर बसून डबीतल्या एकेका माशीच्या गळाचं टोक त्यांनी वाकणापासून कापलं, वर कानशीने घासलं, आणि स्वतःच्या अंगठ्यावर दाबून बघितलं. पुंजाराम पोट धरून हसला. "आता काय मासं पाहुन्यावानी येतील आन् जातील?"

तसंच झालं. चिलापी आली, तिने माशी तोंडात घेऊन ओढ दिली, मी टर्रर्र वाजलो, आणि ती सोडून निघून गेली. पाण्यावर नुसतं वर्तुळ राहिलं. सुहासराव असे हसले की मीही सगळा तोरा विसरलो. पुंजारामला म्हणाले, "आमच्या घरच्यांना टोचलेलं आवडत नाही. एकदा इथं आणून दाखवणार आहे."

"तोंडानं सांगा की."

"गणिताची बाई आहे. म्हणेल, सिद्ध करा."

आणि म्हणून त्यांनी घरी सांगितलं नाही. दर शनिवारी फक्त विचारायचे, "उद्या येतेस का? एकदाच चल." अंबिकाबाई म्हणायच्या, "मला नाही बघवणार." कधी म्हणायच्या, "तुम्हाला तरी कसं बघवतं हो?" बाहेर पॉलिशशेजारी मी कासावीस व्हायचो. गळाला टोकच नाही, एवढं एक वाक्य, आणि ते मला बोलता येत नव्हतं.

या मार्चमधल्या एका शनिवारी त्या म्हणाल्या, "बरं, येते उद्या. पण मी पाण्याकडे पाठ करून बसेन."

सुहासरावांनी त्या संध्याकाळी मला जुन्या बनियनने पुसून पुसून लख्ख केलं. शीळ घालत होते.

सकाळी मात्र अंबिकाबाई दारात आल्या त्या हातात लाल पेन घेऊन. दहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता, सोमवारी द्यायचा होता, निम्मा राहिला होता. दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यांनी पुढे केला. "तुम्ही जाऊन या. मी पुढच्या रविवारी येते."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

सुहासराव नाराज झाले नाहीत. स्कूटरवर दोनदा स्वतःशीच म्हणाले, "पुढच्या रविवारी."

धरणावर वारा नव्हता. त्यांनी दोरी टाकली, ती अशी सरळ पडली की पाण्याला कळलंही नसेल. चिलापीने ओढ दिली. मी वाजलो. आणि मी वाजत असतानाच काठी त्यांच्या हातातून सुटली, मी दगडावर आपटलो, माझी कड चेपली. मला राग आला. इतका काटेकोर माणूस, मला असं टाकतो? मग पाहिलं, शेजारी तेही पडले होते. एक हात छातीवर, दुसरा माझ्याकडे आलेला.

मला एकच आवाज आहे, तोही कुणी फिरवलं तरच. मी तिथे गप्प पडून राहिलो. सुहासरावांची पांढरी टोपी हलत नाही हे पुंजारामने लांबून पाहिलं तेव्हा तो हातानेच तराफा वल्हवत आला. मासे न्यायच्या टेम्पोत घालून त्यांना राहुरीला नेलं. तिथे डॉक्टरांनी सांगितलं, सुहासराव गेले.

मी काही दिवस पुंजारामच्या झोपडीत जाळ्यांवर टांगलेला होतो. मग एका दुपारी तो काठी आणि मला घेऊन, पत्ता विचारत सावेडीत आला. मनवाने दार उघडलं. तो बाहेरच थांबला. अंबिकाबाई आल्या तेव्हा त्याने आधी डबा पुढे केला, घासलेला. मग मला.

"वैनी, सायबांचं हाय. जिनसीला जरा मार लागलाय."

अंबिकाबाई माझ्याकडे बघत होत्या. दोरीच्या टोकाला ती माशी अजून तशीच होती.

"कितींना टोचलं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

पुंजाराम गोंधळला. "टोचंल कसं, वैनी? सायबांच्या गळाला टोकच न्हाई. लई दिस झालं, सगळी कापून टाकली. आमी हसायचो त्यान्ला. म्हनायचे, घरच्यांना आवडत न्हाई. तुमाला आनून दावनार हुते. तुमाला बोलले न्हाईत व्हय?"

अंबिकाबाईंनी माशी हातात घेतली. अंगठ्यावर ठेवून दाबली. टोचलं नाही. आणखी जोरात दाबली, बोट पांढरं पडेपर्यंत. मनवा म्हणाली, "आई, पुरे." त्या ऐकेनात. शेवटी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. त्या दिवसांत प्रथमच रडल्या असं मनवा नंतर फोनवर कुणाला तरी सांगत होती.

आणि मग मला छातीशी धरून त्या आत गेल्या. मी उंबरा ओलांडला. ज्यासाठी इतका झुरलो ते असं मिळालं. नको होतं मला ते.

आता मी ज्या साडीत आहे ती तीच, मोरपंखी. भोक रफू केलेलं आहे, फार बारीक टाक्यांनी. तेही सुहासरावांना कधी कळलं नाही. त्या रविवारी नेसायची म्हणून ती इस्त्री करून ठेवली होती.

संध्याकाळी शाळेतून आल्या की अंबिकाबाई मला बाहेर काढतात आणि मूठ हळूच फिरवतात. पूर्वी गच्चीवरून हाच आवाज आला की त्या ओरडायच्या, "बंद करा ती टरटर." आता मान वाकवून ऐकतात. कड चेपल्यामुळे मी डगडगतो, आवाज मधेच अडखळतो. सुहासरावांनी मला पहिल्याच तपासणीत बाजूला काढलं असतं. बाईंना ते कळत नाही. त्या ऐकतात, माशी अंगठ्यावर दाबून बघतात, आणि मला परत गुंडाळून ठेवतात.

मनवा एकदा म्हणाली होती, "आई, आपण जाऊ या का धरणावर?"

"ते बोलवत होते तेव्हा गेले नाही. आता कुणाबरोबर जाऊ?"

बाई, माझ्याबरोबर चला. मला बोलता येत असतं तर त्या शनिवारांपैकी एका शनिवारी बोललो असतो, आणि तुम्ही दोघं गेला असता. तेव्हा जमलं नाही, म्हणून आता एवढं मागतोय. माझ्या दोरीतला धरणाचा वास उडत चालला आहे. एखाद्या रविवारी ही साडी नेसा. पुंजाराम जागा दाखवेल. फेकायला जमणार नाही, दोरी पायाशी शेवयांसारखी पडेल, पडू दे, त्यांचीही पडली होती. कधीतरी एक चिलापी येईल. माशी तोंडात घेईल, ओढेल, मी अडखळत का होईना वाजेन, आणि ती सोडून निघून जाईल. फक्त पाण्याकडे पाठ करून बसू नका. त्यांना तुम्हाला एवढंच दाखवायचं होतं.