शून्याच्या पुढे गेलेला ठिपका

मित्रांनो, कन्हानच्या ज्युनिअर कॉलेजात खिडकीजवळ जो पिवळा पडलेला कॉम्प्युटर घरघरतो ना, तो मीच. माझं तारुण्य नागपुरातल्या महाल भागात एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवण्यात गेलं. काय ऐट होती तेव्हा माझी! तिथे नवा आला आणि माझी रवानगी इथे झाली. नवरानवरीच्या नावांत रमलेल्या मला गणितातलं काय कळणार? पण माझ्यात आलेख काढायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मला भलतंच वेड लागलं. ही रेषा आता कुठे जाईल, हेच बघत बसायचो.

गणिताचे धम्मानंद सर जीव ओतून शिकवायचे. परीक्षेत मुलांचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी एक सोपा नियम देऊन ठेवला होता: वक्ररेषेचा चढ शून्य झाला, की ती तिथे वळली. बारावीतल्या मेघाने याच नियमाच्या भरवशावर, चार दिवस खपून, नागपूरच्या प्रदर्शनासाठी तक्ता रंगवला. एकच्या आकड्यापर्यंत चढ, तिथे माथा, पुढे उतार. तक्ता दुसऱ्या दिवशी जायचा होता.

तासाला तिने सहज तेच समीकरण माझ्यात घातलं आणि रेषेवरचा ठिपका हळूहळू सरकवू लागली. त्या त्या जागी किती चढ आहे, ते मी आकड्यात दाखवत होतो. अर्ध्यावर पाऊण. एकवर शून्य. पुढे काय, याची मलाही उत्सुकता लागली. दीडवर पुन्हा पाऊणच! कमी होत आलेला चढ एकपासून परत वाढू लागला होता. रेषा क्षणभर आडवी होऊन वरच निघाली होती, उतार कुठेच नव्हता.

मेघाचा चेहरा उतरला. ती गप्प बसली असती, तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तिने सरांना बोलावलं.

"सर, हे वळून नाही राहिलं."

"काहून? शून्य तर आला ना?"

"आला. पण पुढं चढूनच राहिलं."

सरांनी स्वतः माउस धरला. ठिपका तीनदा मागेपुढे नेला. मी मनातून धास्तावलो. आता खापर माझ्याच डोक्यावर फुटणार, जुनं यंत्र बिघडलं म्हणतील, असं वाटलं. पण सर वर्गाकडे वळले.

"मशीन बरोबर आहे. माह्यं चुकलं. शून्याच्या दोन्ही बाजू पाहा, मंगच वळलं म्हणा."

मग त्यांनी तक्ता पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर नवी रेषा काढायला मेघाच्या शेजारी फरशीवर बसले.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस उरलेत. अधूनमधून फडकं फिरवा, पंख्यातली धूळ काढा. आणि मी तुमच्या मनाविरुद्ध उत्तर दिलं, तर लगेच बटण दाबून मला गप्प करू नका. त्या दिवशी सरांनी तसं केलं असतं, तर मेघा प्रदर्शनात शंभर जणांना चुकीचा तक्ता समजावून आली असती, आणि तो चूक आहे हे तिला एकटीलाच ठाऊक असतं.