चारशे मीटरवरचं पाणी

रिस्तो ओल्लिकाइनेन गाडीतून उतरला तेव्हाच तुओवीनं ओळखलं, आज डोकं उठणार. बर्फ वितळून सगळीकडे चिखल, आणि हा पठ्ठ्या हेलसिंकीहून पांढरे बूट घालून आलेला. कधीकाळी तिचाच विद्यार्थी. आता टीव्हीवर बोलायचा.

अणुभट्टीचा कचरा किनाऱ्यालगतच्या या खडकात पुरायचा होता. खाली पाणी हलत असेल तर विष कधीतरी वर येणार, म्हणून आधी ते मोजायचं होतं. तुओवी वर्षभर बोअरमध्ये प्रोब, म्हणजे मोजणीचं उपकरण, सोडत होती. रबरी चकत्यांनी छोटा भाग अडवायचा, तिथलं पाणी किंचित तापवायचं आणि ती ऊब कुठे, किती वेगानं सरकते ते पाहायचं. चारशे मीटर खोलीवरच्या भेगेत पाणी जोरात शिरत होतं.

तिचे आकडे पडताळायला आलेल्या रिस्तोनं त्याच भेगेच्या वर-खाली रबरी फुगे फुगवले, मधल्या पाण्यात रंग सोडला आणि तो फिका पडायची वाट बघत बसला. रंग काही हलेना.

"पाणी उभं आहे," तो म्हणाला.

"तुझी अक्कल उभी आहे," तुओवी म्हणाली. "फुगा भेगेवरच बसवलास. भोक बुजवायचं आणि म्हणायचं, वारा नाही!"

"तुओवी, मी खोली तपासली."

"टीव्हीवर तपासलीस का?"

बोअरमध्ये केबल सोडायचं विंच चालवणारा एइनो खाली मान घालून हसला. रिस्तो मात्र चिडलाच नाही. तिला त्याचा हा गुळगुळीतपणाच सगळ्यात जास्त डाचायचा.

त्याची जिरवायचीच म्हणून तिनं बेत केला. फुगा भेगेच्या खूप वर, अर्ध्या वाटेत फुगवायचा, त्यातून केबल खाली न्यायची आणि स्वतःच्या प्रोबनं मोजायचं. फुगा भेगेवर नसला की पाणी वाहतं, हे दिसल्यावर कुठल्या तोंडानं बोलेल?

एइनोनं फुगा बसवला. तुओवीनं पाणी तापवलं. पडद्यावरची रेघ आडवी पडून राहिली. तिनं पुन्हा तापवलं. ऊब होती तिथेच विरून गेली.

तिला कळलं. वरच्या एका भेगेतलं पाणी बोअरमधूनच खाली उतरत होतं आणि चारशे मीटरवरच्या भेगेत शिरत होतं. मधे अडवल्यावर थांबलं. खडक शांतच होता. वाट तिनं पाडलेल्या भोकानं करून दिली होती, आणि वर्षभर ती तेच मोजत बसली होती.

"काय झालं?" रिस्तोनं विचारलं.

"तू बरोबर होतास," ती म्हणाली. "का बरोबर होतास, ते मात्र तुला आत्ताही सांगता येणार नाही."

तो लालबुंद झाला. खरंच आलं नसतं.

कचरा पुरण्यावर गावात भरलेल्या सभेत ती स्वतः उभी राहिली. "माझे आकडे चुकले. बोअर उघडं ठेवून मोजलं. यापुढे आधी भेगा अडवू, मग मोजू." लोक कुजबुजले. रिस्तो पुढच्या रांगेतून मान डोलावत होता, जणू हे त्यानंच शोधलं.

नंतर तो सॅमन माशाच्या सुपाचा वाडगा घेऊन तिच्याजवळ आला. "मोठं मन लागतं याला, तुओवी."

"मनाचा काय संबंध? आकडा चुकला होता." तिनं वाडगा घेतला. "आणि ते बूट बदल. उद्या दुसऱ्या बोअरवर चिखल ढोपरापर्यंत आहे. सकाळी यायचंय तुला."