लपवलेला रकाना

गावाचं नाव सांगत नाही. संग्रामपूर तालुक्यातलं आहे आणि विहिरींचं पाणी खारं आहे, एवढं पुरे. यातल्या माणसांची नावंही बदलली आहेत. फक्त माझं, रेवती, तेवढं खरं. चूक माझी होती, तेव्हा नावही माझंच असू दे.

आमच्या प्रकल्पात तीन गावांतल्या सहाशे बारा माणसांचं रक्त तपासलं. कुणाच्या किडन्या खराब होताहेत आणि का, हे शोधायचं होतं. माझं काम बुलढाण्याच्या ऑफिसात बसून ती माहिती सांभाळायचं. नावाच्या जागी नंबर घालायचा, मोबाइल नंबर काढून टाकायचा, नावांची यादी वेगळी कुलपात ठेवायची. मग ती फाइल दुसऱ्या संस्थांच्या संशोधकांना द्यायची, कारण एकाच ऑफिसात कुजत पडलेल्या माहितीनं कुणाचंच भलं होत नाही. हे मी गावकऱ्यांना स्वतः सांगितलं होतं, मारुतीच्या पारावर, माइक हातात घेऊन. "तुमचं नाव कुणालाही कळणार नाही," हेही मीच म्हणाले होते. माइक हातात आला की माणसाला जरा चढतेच.

आता गावातली अडचण ऐका. अर्ध्या गावाचं आडनाव एक. पंजाबराव तर तीन. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेलं की भलत्याच पंजाबरावांच्या दंडाला सुई लागायची. म्हणून गावात फिरून माहिती गोळा करणाऱ्या डिंपलला मीच म्हटलं, एक रकाना वाढव आणि त्यात घराची खूण लिही. डिंपल बोलायला लागली की थांबत नाही, लिहायला लागली तरी थांबत नाही. एका पंजाबरावांपुढे तिनं लिहिलं होतं: 'गिरणीमागचे. उजव्या हाताले तीनच बोटं, दोन थ्रेशरात गेली. पोराची मोताळ्याची सोयरीक जमून राह्यली, पाहुण्याइसमोर आजाराचं बोलू नये.'

वाचताना मला हसू आलं होतं. आकड्यांचं काम करताना हा लांबलचक रकाना सारखा आडवा यायचा, म्हणून मी तो पडद्यावर लपवून ठेवला. लपवला म्हणजे पुसला नव्हे. चार महिन्यांनी फाइल चार संस्थांना पाठवली तेव्हा तो माझ्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढंच. एका क्लिकनं तो कुणालाही उघडता येत होता.

सहाव्या दिवशी कुशलचा फोन आला. हा त्या चारांपैकी एका संस्थेतला तरुण संशोधक.

"मॅडम, फाइलीत एक लपलेला रकाना आहे. मी उघडला." मग त्यानं आवाज खाली आणला. "मोताळ्याची ती सोयरीक माझ्या मामाकडची आहे. छकुली माझी मामेबहीण. पसंतीला मी पण गेलो होतो. तीन बोटांच्या त्या हातानं मला चहा दिला होता."

मी ऑफिसचं दार लोटून घेतलं. "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. पण हे माहीत असून अक्षता कशा टाकू? तुम्हीच सांगा."

मी दोन दिवस मागितले. त्यानं दिले. माझ्यापेक्षा तोच शहाणा निघाला.

आमचे प्रमुख लक्ष्मीकांत सर. मोठे अभ्यासू, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "चौघांकडूनही फाइल पुसल्याचं लेखी घ्या, सुधारलेली पाठवा. विषय संपला."

"आणि पंजाबराव?"

"त्यांना सांगून काय साधणार? गाव बिथरेल, पुढची फेरी बंद पडेल. सहाशे लोकांच्या भल्यापुढे एका माणसाचं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शिकलेली माणसं असली वाक्यं पुरी करत नसतात. मला राग आला, आणि खरं सांगते, त्यांचं पटलंही होतं. गाव बिथरलं तर प्रकल्प जाणार होता, त्याबरोबर माझी नोकरीही. पण रकाना मी लपवला होता, आणि आता तो लपवल्याचं पण लपवायचं? चौघांकडून लेखी घेतलं, प्रकल्पावरच्या देखरेख समितीला चूक कळवली आणि दुसऱ्या दिवशी संग्रामपूरची एसटी धरली. तिथून पुढे जीप.

पंजाबराव ओसरीत फवारणीचा पंप दुरुस्त करत बसले होते. त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, तांब्या पुढे केला. "जारचं पानी हाये, प्या बिनधास्त." मी तांब्या हातात धरून उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रकाना, चार संस्था, होणाऱ्या सुनेचा आतेभाऊ.

पंजाबरावांनी पंप बाजूला सारला. "मॅडम, तुमी त पारावर बोलल्या व्हत्या, नाव कुनाले कयनार नाई."

"बोलले होते, काका."

"मंग काऊन कयलं?"

"माझ्या चुकीनं."

"म्हंजे दाराले कुलूप लावलं अन् खिडकी उघडीच ठेवली."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मोडते आता पोराचं. लगन झाल्यावर सांगनारच व्हतो न आपन."

"खोटं कायले बोलतं? नसतो सांगत आपन," पंजाबराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आणि आवाज चढला. "पन सांगीन त मी सांगीन, नाई त नाई सांगनार. आजार माहा हाये. मरनार मी हाये. अन् खबर तुमची?"

मला रडू येत होतं. पण अशा वेळी रडायचं म्हणजे आपलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर द्यायचं. मी तांब्यातलं पाणी पीत राहिले.

पंप पुन्हा पुढे ओढत त्यांनी हळूच विचारलं, "प्रेमचंबी रगत घेतलं न तुमी? त्याचं काय निंघालं? कागद त्याले भेटला, त्यानं आमाले दावला नाई."

प्रेम, म्हणजे ज्याचं लग्न ठरलं होतं तो मुलगा, कामावर गेला होता. त्याचं काय निघालं ते मला ठाऊक होतं; यादी माझ्याच कुलपात. तुम्हालाही सांगणार नाही.

"सांग न पोरी. येवढं केलं तुनं, आता येवढं तरी कर."

सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं असतं तर माझी निम्मी चूक फिटल्यासारखं वाटलं असतं. फिटली नसती, दुप्पट झाली असती.

"नाही सांगता येणार, काका."

"बाप हाओ मी त्याचा!"

"तो सव्वीस वर्षांचा आहे. सही त्यानं केली. ते त्याचं आहे."

"माहं जगाले सांगतलं, अन् त्याचं बापालेबी नाई?"

"तुमचं कुणाला कळायला नको होतं," मी म्हणाले. "म्हणूनच त्याचंही नाही."

पंजाबरावांनी हात धोतराला पुसले. मग सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, स्पीकर लावला आणि मोताळ्याला फोन केला. रुखमाबाई "अवो, अवो" करत पुढे आल्या, त्यांना हातानंच थांबवलं.

"सोयरे, पंजाबराव बोलून राह्यलो. एक सांगाचं राह्यलं व्हतं. माह्या किडन्या खराब हायेत. दोन वर्सं झाले. डाक्टर म्हनते, पुढं मशीनवर जा लागन. पसंतीच्या दिवशीच सांगाले पायजे व्हतं, नाई सांगतलं. चुकलं माहं. आता लगन ठेवाचं का मोडाचं, तुमी ठरवा."

पलीकडून छकुलीच्या वडिलांचा आवाज आला, सावकाश. "तुमच्या तोंडून आयकलं, हे बरं झालं. अन् पोराचं काय हाये? त्याचंबी तपासलं असंन न?"

रुखमाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानही हलवली नाही.

"ते मी नाई सांगत, सोयरे," ते म्हणाले. "ते त्याचं हाये. छकुलीले म्हना, त्याले तिनंच इचारावं."