ओंद्रेयच्या डाव्या हाताचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, आणि जन्मापासून एकटा आहे. हातमोजे जोडीनं येतात असं तुम्ही म्हणाल. बेसबॉलचे येत नाहीत. फेकायचा हात मोकळा लागतो, म्हणून आमचा जन्म फक्त झेलायच्या हातासाठी.

घोड्याच्या कातड्यातून मला कापलं आणि एका बाईनं दोन दिवस खपून माझ्या शिवणी घातल्या. नवा होतो तेव्हा मी फळीसारखा ताठ होतो. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या ओंद्रेय हॅटलानं मला घरी आणलं. आठवडाभर त्यानं मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून सुतळीनं आवळलं आणि गादीखाली दाबून ठेवलं. त्याची बायको वेरोना म्हणाली, "मी तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा एवढं तेल चोळलं नव्हतंस मला!"

ओंद्रेय सेंटर फील्डला खेळायचा. फलंदाजाच्या थेट समोर, पण सगळ्यांत लांब, जिथं मागं कुंपणाशिवाय काही नसतं. सहा दिवस जमिनीखाली पाठ वाकवून कोळसा फोडणाऱ्या माणसाला रविवारी एवढं मोठं आभाळ मिळायचं. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गडी असे, पण उंच चेंडू आला की शब्द सेंटरचा. तो "माझा!" म्हणून ओरडला की बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. सगळे वर बघत धावतात ना, म्हणून. न थांबले तर कपाळमोक्ष ठरलेला.

डाव्या बाजूला मिखाल असे, वेरोनाचा धाकटा भाऊ. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. ओंद्रेयची हाक आली की तो डोळे मिटून थांबेल, इतका त्याचा दाजींवर विश्वास.

त्या काळी एक रीत होती. आपली फलंदाजी आली की मोजा सोबत न्यायचा नाही, आपल्या जागेवर गवतातच टाकून जायचं. त्यामुळे अर्धा सामना मी समोरच्या सेंटर फील्डरचे बूट बघत पडलेला असायचो. वरच्या खाणीच्या संघाशी सामना असला की ते बूट एमलिन प्रॉसरचे असत. एमलिन डावखुरा, म्हणून त्याचा मोजा उजव्या हाताचा. दोघं पक्के वैरी. एमलिननं एकदा माझ्या पोटात अर्धा कांदा कोंबून ठेवला होता. ओंद्रेयनं पुढच्या डावात त्याच्या मोज्यात काटेरी गोखरू भरले. मला महिनाभर कांद्याचा वास येत होता, पण खोटं कशाला बोलू, मजा यायची.

मग ओंद्रेयचे डोळे बिघडले. खाणीतल्या मिणमिणत्या दिव्यात वर्षानुवर्षं काम केलं की काहींची बुबुळं थरथरू लागतात, समोरचं सगळं नाचायला लागतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मला मात्र समजलं. पूर्वी चेंडू नेमका माझ्या तळव्यात बसायचा, आता तो बोटांच्या टोकांना लागू लागला. ओंद्रेय बॅटच्या आवाजावर अंदाज बांधून धावत होता. जूनमध्ये एकदा तो "माझा!" म्हणून ओरडला, मिखाल थांबला आणि चेंडू भलतीकडेच पडला.

"काय रे ओंद्रा, सूर्य डोळ्यांत गेला वाटतं?" कुणीतरी विचारलं.

"हो ना," ओंद्रेय म्हणाला. त्या दिवशी ढग होते.

मला बोलता येत नाही. पण येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो, मित्रांनो. मला दुसऱ्या कुणाचा हात नको होता.

ऑगस्टमध्ये वरच्या खाणीच्या मैदानावर मोसमाचा शेवटचा सामना झाला. जो जिंकेल त्याचा वर्षाचा मान. शेवटच्या डावात आमची एक धाव जास्त होती आणि आता फक्त त्यांचे तीन गडी बाद करायचे बाकी होते. एमलिननं आपला मोजा माझ्याशेजारी टाकला आणि तो निघाला. तेवढ्यात ओंद्रेय आला, वाकला आणि त्यानं एमलिनचा मोजा उचलला.

त्यानं त्यात डावा हात घातला. अंगठा भलत्या बाजूला गेला. त्यानं पुन्हा घातला. शाळकरी पोरालाही लांबून कळावं की हा मोजा उलट्या हाताचा आहे. एमलिन चार पावलांवर थांबून बघत होता. आधी तो हसला, थट्टा आहे असं समजून. मग त्याचं हसू मावळलं.

त्यानं परत येऊन मला उचललं आणि ओंद्रेयच्या हातात दिलं.

"हा तुझा. कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"ओंद्रा, माझा बाप याच दुखण्यानं घरी बसला. मला नको शिकवू."

ओंद्रेय म्हणाला, "जा, सांग तुझ्या पोरांना. सेंटरला मारा म्हणावं, आंधळा उभा आहे तिथं."

"सांगणार नाही. पण माझी पाळी आली तर मुद्दाम चुकणारही नाही." एमलिननं मिखालकडे मान वळवली. "तुझ्या हाकेवर तो उभा राहतो. हाक चुकली तर डोकं त्याचं फुटेल. एवढं ध्यानात ठेव."

तो गेला. ओंद्रेयची बोटं माझ्या आत घामानं भिजली होती.

दोन गडी बाद झाले, त्यांचे दोघे धावण्याच्या वाटेवर होते, आणि एमलिनच फलंदाजीला आला. कडाक्कन आवाज झाला. चेंडू उंच गेला, सेंटर आणि डाव्या बाजूच्या मधोमध. ओंद्रेय धावला. पलीकडून मिखाल वर बघत येत होता, दाजींच्या हाकेची वाट बघत. ओंद्रेयनं मला वर उचललं, आणि मग खाली घेतलं.

"तुझा, मिखाल! तुझा!" असं ओरडून तो जागीच थांबला.

मिखालनं ही हाक कधी ऐकलीच नव्हती. तो क्षणभर घुटमळला, मग झेपावला. चेंडू त्याच्या मोज्याला लागून गवतात पडला. त्यांच्या दोघांनी धावा पूर्ण केल्या. आम्ही हरलो.

"झोपला होतास का रे मेल्या?" आमचा कप्तान मिखालवर धावून आला. मिखाल ओंद्रेयकडे वळला.

"दाजी, सोपा होता तो तुम्हाला. का सोडलात?"

"त्याला बोलू नका," ओंद्रेय म्हणाला. "मला चेंडू दिसत नाही. जूनमध्येही दिसला नव्हता. आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मला लाज वाटत होती."

 कप्तानानं टोपी काढली. ओंद्रेयनं मला हातातून काढून मिखालच्या हातावर चढवलं आणि चाचपत पट्टा आवळला. मिखाल रडत होता. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर अकरा वर्षं मी मिखालबरोबर सेंटर फील्डला होतो. पुढं मोजे गवतावर टाकायची रीत नियमानंच बंद झाली. आता मी मिखालच्या नातीच्या तळघरात, रंगाच्या डब्यांमागं पडून असतो. माझं कातडं तडकलं आहे. कुणी बोटभर तेल लावलं तर ते मला नको आहे असं नाही.

पण मित्रांनो, माझी विनंती वेगळी आहे. ज्याच्या शब्दावर दुसरे थांबतात, त्यानं आपल्याला दिसेनासं झालं की ते सांगून टाकावं. आणि दुसऱ्याचं असं काही तुमच्या नजरेस पडलं, तर चार जणांना सांगू नका, आधी त्यालाच सांगा. तो सामना आम्ही हरलो, हे मी कुणापासून लपवत नाही. मिखालची तान्ही मुलगी धडधाकट बापाच्या खांद्यावर मान टाकून घरी गेली, आणि ओंद्रेय त्यांच्या शेजारून चालत होता.