झेललेला सूर

कुंदनमामाचा गळा आज दगा देणार, हे बँडमधल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या कुंदनमामाला.

'ब्लॅक कॉटन' हा धुळ्याच्या देवपुरातला बँड पंचवीस वर्षांचा, म्हणजे दहावीतल्या मेघाहून चांगला थोरला. वाजवायचे मेटल, पण चालीचं. गिटारी कितीही गुरगुरल्या तरी घरी जाताना गाणं ओठांवर यायचंच. आज जळगावच्या हॉलमध्ये त्यांचा पहिला लाइव्ह अल्बम रेकॉर्ड होत होता, आणि मामाने पोस्टरवर ठळक छापून घेतलं होतं: जसं गायलं तसंच, एकही सूर मागाहून भरणार नाही.

सगळा घोळ शेवटच्या गाण्याचा, गावच्या पांझरा नदीला घातलेल्या हाकेचा. 'माझे पांझरे, ऊठ' या ओळीतला 'ऊठ' असा काही वर चढायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. तालमीत तो दर वेळी फाटत होता. पट्टी खाली घेऊ म्हटलं, तर मामा तालीम टाकून निघून गेला. मग ड्रमवाल्या नवलकाकांनी त्याच्या भाचीला, मेघालाच गाठलं. शाळेच्या गायनस्पर्धेत पहिली आल्यापासून तिचे पाय तसेही जमिनीला लागत नव्हते. तिने पडद्यामागे माइक धरून उभं राहायचं आणि तेवढा 'ऊठ' मामाच्या सुरात गुपचूप मिसळायचा. मामाला कळलं तर, असं तिने विचारलंच.

"एवढा गोंगाटमा त्याले काय ऐकू येस?" काका म्हणाले. "तू फक्त म्हन, बाकी बठ्ठं मी सांभाळस."

तेव्हा भारी मजा वाटली होती. आता मात्र माइक घामाने निसटत होता. गायली, तर पोस्टरवरचा मामाचा शब्द खोटा पडणार. नाही गायली, तर तो फाटका सूर अल्बममध्ये कायमचा बसणार. आणि ड्रम तर सुरूही झाले.

"माझे पांझरे..." मामाने श्वास घेतला. 'ऊठ' निघाला, चढला आणि ऐन टोकाला चिरकला.

आता इथे मेघाची जीभ नडली. दर श्रावणात कानबाई देवीच्या गाण्यांना ती सुंदरमावशीच्या मागे बसायची. मावशीचा दम तुटला की ओळ झेलायची, आणि झेलताना मागचा शब्द उचलूनच पुढे जायचं, ही रीत. नुसता 'ऊठ' घालायचं ती साफ विसरली. तिने खणखणीत उचललं, "पांझरे, ऊठ!"

अख्ख्या हॉलला 'पांझरे' दोनदा ऐकू आलं. एकदा बाप्याचं, एकदा पोरीचं.

ड्रम अडखळले. गिटारी थांबल्या. मामा मागे वळला.

"मांगे कोन शे?"

मागचं दार उघडंच होतं. पळावं, असं मेघाला वाटलंही. पण ती पडदा सारून बाहेर आली. पोरगी चुकून शिरली असेल, असं काका गडबडीने सांगू लागले. मामाने हातानेच त्यांना गप्प केलं. लोक हसत होते, कुणी शिट्टी मारली.

"तू गायलीस?"

"हो." हातातला माइक चालू आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. "मामा, तुझा सूर फाटतो. म्हणून."

हसणं बंद झालं. मामाचा चेहरा पांढरा पडला. तो हात उचलतो की काय, असं तिला क्षणभर वाटून गेलं. त्याने लोकांकडे पाहिलं, मग माइक तोंडाशी नेला.

"फाटस," तो म्हणाला.

नवलकाकांनी मान खाली घातली. रेकॉर्डिंगवाल्याने हे पुसू का, असं खुणेने विचारलं. मामाने नकारार्थी मान हलवली. झालं ते सगळं तसंच राहू दे.

"झेलनं शे ना तुले?" तो मेघाला म्हणाला. "मंग लपू नको. पुढे ये."

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. मामाने तीच ओळ पुन्हा घेतली. त्याच टोकाला, सगळ्यांसमक्ष, आवाज फाटला. त्याने तो दाबला नाही, खोकून झाकला नाही. नुसतं तिच्याकडे पाहिलं.

मेघाने 'पांझरे' उचललं.